आधी आवाज काढ, बाय!

रोह्याच्या त्या गल्लीत एखादे वकीलसाहेब गाल फुगवून "फट्, फट्, फुर्रर्र, खुक्" करताना दिसले, तर त्यांना काही झालंय असं समजायचं नाही. ते इब्राहीमचाचांना आपल्या गाडीचं दुखणं सांगत असत. चाचांचा नियमच तसा होता. जुनी गाडी घेऊन कुणीही येवो, बॉनेट उघडायच्या आधी मालकानं गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा. "गरम होते", "पिकअप नाही" असली वाक्यं त्यांना चालत नसत. "ते नको सांगू. आधी आवाज काढ," एवढं म्हणून ते स्टुलावर बसत आणि डोळे मिटून घेत.

मी पेणच्या एका शाळेत भूमिती शिकवते. माझ्या नुसत्या बघण्यानं वर्ग गप्प होतो, अशी माझी ख्याती आहे. अशा बाईनं पहिल्यांदा भर रस्त्यात "टुक्-टुक्-भुस्स" केलं, तेव्हा समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक सुटे पैसे घ्यायचं विसरलं. चाचांनी एक डोळा उघडला.

"भुस्स नाय. भुस्स म्हंजे सायलेन्सर फुटला. तुझी भक् करत असंल. परत काढ, बाय."

मी परत काढला. तिसऱ्या खेपेला त्यांचं समाधान झालं. "व्हय. टायमिंग मागं गेलाय."

गाडी बाबांची. बाबा गेल्यावर भाऊ म्हणाला, भंगारात काढ. तो म्हणाला म्हणूनच मी ती ठेवून घेतली. आमच्या घराण्यात हट्टाला तोटा नाही. पण पेणमध्ये तिला हात लावायला कुणी तयार होईना. हल्लीच्या गाड्यांना कॉम्प्युटर जोडतात आणि तो दुखणं सांगतो. आमच्या गाडीला कॉम्प्युटर जोडायला भोकच नाही. शेवटी रोह्याच्या मालूमावशीनं चाचांचं नाव सुचवलं. मावशीच्या ओळखी स्मशानापासून आरटीओपर्यंत आहेत.

टायमिंग म्हणजे काय, हे मला चाचांनी शिकवलं. "इंजिनात ठिणगी पडते ना गो, ती वेळेवर पडायला हवी. लवकर पडली तर गाडी भांडते, टक् टक् टक् करते. उशिरा पडली तर रडते. चढाला धाप लागते, अंग तापतं, मागनं भक् करते. तुझी रडते." मग डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा दोन बोटांत धरून ते केसभर फिरवत, ऐकत, परत केसभर फिरवत. अचानक इंजिनाचा सूर असा काही लागे, की मलासुद्धा कळे.

कुवेतला असलेल्या मुलानं त्यांना टायमिंग बघायचा खास दिवा पाठवला होता. तो ते खाली पडलेले स्क्रू शोधायला वापरत. डिस्ट्रिब्युटरच्या आत ठिणगी पाडणारे दोन पॉइंट असतात, त्यांच्यामधलं अंतर मोजायला पट्टी असते म्हणे. चाचा लग्नपत्रिकेचा तुकडा घालून मोजत. तोही वाटेल त्या पत्रिकेचा नाही. "तुझ्या लग्नाची उरली असंल तर आण. तवाचा कागद बेताचा होता. आता नुसता पुठ्ठा छापतात, आणि लग्न टिकत नाय." मी खरोखरच माळ्यावरून पत्रिका शोधून नेली. नवऱ्यानं विचारलं कशाला, तर म्हटलं, गाडीला लागते. त्यानं पुढे काही विचारलं नाही.

खांब गावच्या एका गृहस्थांना काही केल्या आवाज काढता येईना. चार वेळा प्रयत्न करून ते घामाघूम झाले. तेवढ्यात शेजारच्या सीटवर गप्प बसलेल्या त्यांच्या बायकोनं खिडकीतून मान बाहेर काढून अचूक "खुर्र-खुक्-खुक्" केलं. चाचा स्टुलावरून उठले आणि चावी त्यांनी थेट बाईंच्या हातात दिली. नवऱ्याला म्हणाले, "गाडी हिची हाय. तू नुस्ता चालवतोस."

तर अशी गाडी नीट व्हायची आणि मी झोकात पेणला यायची. तीन-चार आठवडे बरे जायचे. मग मावशीकडे जाताना भिसे खिंडीच्या चढाला ती पुन्हा रडायला लागायची. जुनी गाडी, त्यात गोवा हायवेचे खड्डे, चालायचंच, असं म्हणत मी पुन्हा चाचांच्या दारात उभी. आवाज काढायचा, दोन मिनिटांत टायमिंग लागायचं आणि मग दीड तास चहा चालायचा. त्या कामाचे पैसे त्यांनी कधीच घेतले नाहीत. "हात फिरवला नुस्ता, त्याचे काय घ्यायचे?"

चहाबरोबर गप्पा. म्हणजे ते बोलायचे आणि मी वह्या तपासायला आणलेल्या असायच्या. बीबीला जाऊन सहा वर्षं झाली. दोन्ही मुलं आखातात. नातू बिजलीवरची गाडी चालवतो, हे त्यांना मुळीच पटलेलं नव्हतं. "काय आवाजच नाय तिला! मी बोललो त्याला, बाबा, मग तिला बरं नसलं तर तुला कळणार कसं?" मी मान डोलवायची आणि पुढच्या वहीवर लाल फुली मारायची. आज वाटतं, त्या वह्या तरी घरी ठेवून जायला हव्या होत्या.

मालूमावशीचा गणपती दर वर्षी हमरापूरहून न्यायचं काम माझं. दोन वर्षांपूर्वी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मागच्या सीटवर मूर्ती, दोन्ही बाजूंना उशा, आणि मी बैलगाडीच्या वेगानं निघाले होते. भिसे खिंडीच्या ऐन चढावर गाडीनं "भक्, भक्" केलं आणि ती बंदच पडली. पाऊस कोसळत होता. मागे ट्रकांची रांग लागली. मावशीचा पाच मिनिटांना एक फोन. "कुठं आहेस गो? भटजी उद्या पहाटेलाच यायचाय. बाप्पा भिजला नाय ना?" बाप्पा भिजला नव्हता. मी भिजले होते, आणि माझं डोकं तापलं होतं.

नागोठण्याहून एक मेकॅनिक स्कूटरवर आला. चाळिशीचा, अबोल माणूस. बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "हिचं काम कोण करतं?"

"रोह्याचे इब्राहीमचाचा."

तो पुन्हा बॉनेटमध्ये बघायला लागला. "बोला की," मी खेकसले.

"मॅडम, डिस्ट्रिब्युटर धरून ठेवतो ना, त्या बोल्टखाली स्प्रिंग वॉशर असतो. तो हितं नाय. वॉशर नसला की खड्ड्यात हादरून बोल्ट ढिला पडतो, डिस्ट्रिब्युटर सरकतो, टायमिंग मागं जातं."

"विसरले असतील."

त्यानं हात पुसले. "मी त्यांच्याकडंच शिकलोय. वॉशर विसरला तर उस्ताद आमच्या पाठीत पाना घालायचे. ते विसरायचे नाय."

त्यानं टायमिंग लावून बोल्ट आवळून दिला. रोह्यापर्यंतच्या वाटेत मी माझी सिद्धता मांडली. दर तीन-चार आठवड्यांनी तोच बिघाड, तोच माणूस, आणि वॉशर गायब. दोन अधिक दोन चार. कुणी मला फसवलेलं मला खपत नाही, आणि माझी जीभ, आई म्हणायची तशी, आधी चालते आणि मग विचारते.

गणपती मागच्या सीटवर तसाच ठेवून मी थेट चाचांच्या गल्लीत गाडी नेली. बाजाराचा दिवस, गल्लीत माणसं होती. मला बघून चाचा हसत उठले.

"आली गो? काढ आवाज."

"आवाज नाही काढणार. वॉशर कुठाय, चाचा?"

त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. मग मीच बोलले. "गाडी मुद्दाम बिघडवून ठेवता? या वयात असले धंदे? भामटे आहात तुम्ही. यांच्याकडे कुणी गाडी देऊ नका हो!" शेवटचं वाक्य मी गल्लीला उद्देशून म्हटलं, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. समोरचा दुकानदार खाली बघायला लागला.

चाचांची नजर मागच्या सीटकडे गेली. "आज बाप्पा आणायचा होता?" ते हळू म्हणाले. "मला बोलली नायस."

आत जाऊन त्यांनी बिस्किटांचा एक जुना डबा आणला. डब्यात कागदाच्या पाच-सहा पुड्या होत्या. प्रत्येकीवर एकेका गाडीचा नंबर. माझ्या नंबराची पुडी सोडून त्यांनी वॉशर काढला, पदराला पुसावा तसा सदऱ्याला पुसला, बोल्टखाली घातला आणि आवळला. मान वर न करता म्हणाले, "आता नाय सुटायचा."

मी आभारसुद्धा मानले नाहीत. मावशीकडे जाऊन ही हकिकत मी चढ्या आवाजात सांगितली. मावशी मोदकांसाठी नारळ खोवत होती. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाकीच्या पुड्या कुणाच्या गो?"

"असतील कुणाच्या तरी."

"वकिलानं गाडी विकली, तीन वर्षं झाली. डॉक्टरानं त्याच्या आधी. खांबच्या बाईंची पोरानं भंगारात घातली. त्या गल्लीत जुनी गाडी आता एकच जायची. तुझी."

मावशी पुन्हा नारळ खोवायला लागली. मी पाट मांडायला घेतला आणि तो दोनदा उलटा मांडला. दुखणी बरी करण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसानं एवढं एकच दुखणं हातानं लावलं होतं. तेही असं, की कुणी मरू नये, नुसतं परत यावं. वॉशर फेकून न देता नंबर घालून जपून ठेवले होते. आणि मी? माझ्या सिद्धतेत पक्ष बरोबर होता, पायऱ्या बरोबर होत्या, फक्त साध्यच चुकीचं धरलं होतं. फार शरम वाटली. पण शरम वाटली म्हणून लगेच उठून जाण्याइतकी मी मोठी नाही. दुसऱ्या दिवशी जाऊ, मग गौरी झाल्यावर जाऊ, मग सहामाही झाल्यावर जाऊ.

आणि गाडी बिघडेचना. भिसे खिंड ती गुणगुणत चढायची. खड्ड्यात आदळली तरी टायमिंग जागचं हलेना. जावं म्हटलं तर निमित्त नाही. एवढी धडधाकट गाडी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि इतका रागही कुठल्या गाडीचा आला नव्हता. असं दीड वर्ष गेलं.

या माघात एका रविवारी मी वह्या न घेता गेले. गल्लीत दुसरी गाडी नव्हती. चाचा स्टुलावर बसले होते. मला बघून ते घाईनं उठले, नको इतक्या घाईनं.

"या मॅडम. काय झालं गाडीला?"

मॅडम. मला खरं तर तिथेच रडू आलं असतं. "काही नाही झालं, चाचा. सहज आले. त्या दिवशी मी फार वाईट बोलले. मला माफ करा."

"तुम्ही बरोबर बोललात. कामात खोट होती," ते म्हणाले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. आवाज काढ म्हणाले नाहीत. गाडी चालू करायला सांगून स्वतःच वाकून ऐकायला लागले. मी पुन्हा म्हटलं, काही झालेलं नाही. त्यांनी हातानं गप्प केलं. एकेक प्लग काढून पाहिला, पॉइंट पाहिले, बोल्ट पाहिला. इंजिन सुरात चाललं होतं. मला ऐकू येत होतं, त्यांना ते पटत नव्हतं. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला.

शेवटी ते ताठ उभे राहिले. कपाळावर काळं बोट उमटलं होतं.

"माफ करा मॅडम. मला सापडत नाय. कान गेला माझा."

"चाचा, सापडायला काही नाहीच! गाडी ठणठणीत आहे. तुम्हीच केलीत. मी नुसती भेटायला आले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अवघड गणित घातल्यावर मुलं बघतात तसं.

"उगाच कोण येतं गो पेणवरनं?"

"मी आले ना."

ते मान हलवून पुन्हा बॉनेटमध्ये वाकले आणि कान इंजिनाच्या आणखी जवळ नेला.