जावईबापूंनी काढलेला बोल्ट

"मी बघतो," एवढंच पुंजाराम बोलून गेला आणि हात दाखवून अवलक्षण करून बसला.

धोंड्याच्या महिन्यात तो केदारखेड्याला सासुरवाडीत जेवायला आला होता. सासरे काकासाहेब यांची जुनी मोटार अंगणात रुसून उभी होती. ड्रायव्हर निजामोद्दीनच्या मते आधी इंजिनाच्या पोटाखालचा बोल्ट काढून काळं तेल सोडायला हवं होतं. पुंजाराम नवीन जालन्यात कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. (मशीन त्यानं पाहिलं होतं, खिडकीतून.) पण त्याच्या बायकोनं, नंदाबाईनं, माहेरी सांगून ठेवलं होतं, "जिनिंगच्या मशिनी ह्यांच्याच हातावर चालत्यात!" आता बायकोचा शब्द खाली पडू द्यायचा कसा? बिचारा मोटारीखाली सरपटत शिरला.

बोल्ट हलेना. पाना मात्र सारखा सटकायचा.

"पाना बराबर हाय ना, निजामभाई?"

पाना एक नंबर मोठा होता, हे निजामोद्दीनला केव्हाच दिसलं होतं. पण धोंड्याला आलेल्या जावयाला चुकलं म्हणायचं कुणी?

"हौ जावईसाब, बिलकुल बराबर!"

"मोठा तं न्हाई?"

"मोठ्या माणसाला मोठाच पाना लागतो, साब."

दुपारपर्यंत सहा कोपऱ्यांचा बोल्ट पेढ्यासारखा गोल झाला. जावयाची बोटं सोलली. तेव्हा दाराआडून सासूबाईंनी धोंडे खाऊन घ्यायचा निरोप धाडला. पुंजारामानं दुःखात अकरा धोंडे खाल्ले आणि आडवा झाला.

उन्हं उतरल्यावर तो उठला, तर अंगणात अर्धं गाव जमलेलं. नंदाबाईकडे एकवार बघून तो पुन्हा मोटारीखाली शिरला. "जय बजरंगबली!" म्हणत सगळा जीव एकवटून त्यानं हिसडा दिला. बोल्ट सुटला! पाठोपाठ सगळं काळं तेल डोळ्यांत, मिशांत आणि सासऱ्यांनी दिलेल्या कोऱ्या धोतरावर. अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला.

विहिरीवर नंदाबाई त्याला राखेनं घासत होती. त्याची छाती फुगलेली.

"पाह्यलं ना? मनगटात जोर लागतो!"

"तुम्ही झोपल्ते तवा निजामभाईनं छिन्नी लावून ढिला केल्ता," ती हळूच म्हणाली. "म्याच सांगितलं, पुरा काढू नका."

"अन् तुझ्या बाबांना ठावं हाय?"

"छिन्नी त्यायनीच आणून दिली."

आपली लाज राखायला हिनं अख्ख्या घराला कामाला लावलं, या विचारानं पुंजारामाला भरून आलं.

"मंग त्या टाळ्याबी तूच वाजवायला सांगितल्या?"

"न्हाई हो," त्याच्या कानातलं तेल मायेनं पुसत नंदाबाई म्हणाली, "टाळ्या तुमच्या तोंडावर तेल पडल्यावर वाजल्या. त्या मनापासून होत्या."