शेजारीण कुठंय?

दिगंबरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटत, मग माणसांना. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा समाचाराला आले, हात जोडले आणि म्हणाले, "सुमन, फोटो जरा सरकवतेस का? मागे एक दिसतेय."

फोटोमागे खरंच भेग होती.

सारी नोकरी त्यांनी प्रयोगशाळेत धातू तुटेपर्यंत ताणण्यात घालवली. निवृत्तीनंतर ताणायला आमची नल्लकुंट्यातली इमारत उरली. भेग दिसली की तिच्या टोकाला पेन्सिलची खूण करत आणि विचारत, "शेजारीण कुठंय?" एकट्या भेगेचं त्यांना फारसं भय नसे. "अगदी बाजूबाजूला असल्या तर एकमेकींचा ताण हलका करतात. टोकाला टोक आलं की एकमेकींना चिथवतात."

इमारतीची सेक्रेटरी मी. गवंडी बोलावून घरोघरच्या भेगा बुजवून घेतल्या. काकांनी मात्र त्याला दारातूनच परत पाठवलं. त्यांच्या घरात हाताच्या उंचीवर एक लांबलचक भेग होती, बेडरूमपासून बाथरूमपर्यंत. काकूंची दृष्टी गेलेली, त्यामुळे भिंत किती वाईट दिसते हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

मग शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीसाठी खोल खड्डा खणला गेला. आमच्या जिन्याच्या भिंतीत दोन भेगा निघाल्या, एक वरून, एक खालून. काकांनी दोन्हींवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या; भेग जराशी हलली तरी काच तडकते.

"काका, टेन्शन नक्को," वरच्या मजल्यावरचा श्रीनिवास म्हणाला. "दोघी बाजूबाजूनं निघून जातायत."

"आत्ता तोंड चुकवतायत. टोकं एकमेकींच्या पुढे गेली की वळतील. मधला तुकडा सुटेल."

एका सकाळी दोन्ही काचा तडकलेल्या दिसल्या. टोकं वळली होती. संध्याकाळपर्यंत मी इमारत रिकामी करवली. श्रीनिवास सामान उतरवताना मला ऐकू जाईल असं पुटपुटत होता. त्याच आठवड्यात जिना कोसळला. आत कुणी नव्हतं. उरलेली इमारत पाडावी लागली. श्रीनिवासनं नंतर फोन करून काकांचा नवा पत्ता विचारला.

काका-काकू विद्यानगरला भाड्याच्या घरात गेले. मी डबा घेऊन गेले, तर काकूंच्या कपाळावर टेंगूळ. काका स्टुलावर बसून स्क्रू-ड्रायव्हरनं नवी कोरी भिंत कोरत होते.

"घरमालक हाकलून देईल," मी म्हणाले. "चांगली गुळगुळीत भिंत आहे."

"तेच तर. हिला बाथरूम सापडत नाही."

काकू उठल्या. कोरलेल्या रेघेत बोट ठेवून हळूहळू चालत गेल्या. रेघ संपली तिथे थांबल्या आणि भिंत चाचपू लागल्या. जुन्या घरात तिथे दुसरी भेग येऊन मिळायची, आणि मग दार.

"अहो, हिची शेजारीण कुठंय?"

"काढतोय," काका म्हणाले.

धूळ उडत होती. मी पंखा बंद केला.