बांधून ठेविल्या ब्राउझराची बखर

श्रीगजवदन साह्य, कुळस्वामिनी साक्ष, आणि जो कोणास न पुसता आपला आपण बदलतो त्या ब्राउझरास दुरूनच रामराम. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मंगळवार, ते दिवशी थोरल्या बाईसाहेब सगुणाबाई यांनी भर कचेरीत बोलून दाखविले की, जावईबापू निनादराव यांचे वर्तन काही ठीक नाही. काही पुसावे तर मान वर न करिता "सगळं हिरवं आहे, आई" इतुकेच म्हणतात, आणि हिरवे म्हणजे काय ऐसे पुसावे तर हसतात, आणि जावई पडले म्हणोन बाईसाहेबांस जीभ आवरावी लागते, आणि आवरिली जीभ ही त्यांस दाढदुखीहून जड. बाईसाहेबांचे शिक्षण दुसरीपावेतो, परंतु पतीमागे चौदा माणसांचे हे राज्य, जे लोकांस वेबसाइटी बांधून देते, ते त्यांनीच राखिले, आणि त्यांची चाहूल लागताच माणसे चहाचे पेले लपवीत.

ते साली राज्याने शेजारच्या तालुक्याचे दवाखान्यास वचन दिले होते. तेथे डायलिसिसचे रोगी आठवड्यातून तीनदा यंत्राशी बसतात, आणि पाळी लावण्यास झुंजूमुंजू होताच वहीपुढे ओळ धरितात. तर राज्याने एक दरवाजा, म्हणजे वेबसाइट, उभारावा, आणि रोग्याने घरबसल्या फोनावर पाळी घ्यावी, आणि येत्या सोमवारी वही कायमची बंद व्हावी, ऐसे ठरले. आणि शब्द खुद्द बाईसाहेबांचा. पाळी चुकली तर माणूस सुजतो, दम कोंडतो, हे त्या जाणोन होत्या, म्हणोन त्यांस बसवेना, उभे राहवेना, आणि त्या कचेरीत या टोकापासोन त्या टोकापावेतो येरझाऱ्या घालीत.

आता दरवाजाची परीक्षा कैशी होते ते ऐकावे. ब्राउझर हा हत्ती. त्यावर बसोन प्रजा दरवाजापाशी येते. परीक्षेस्तव राज्याने एक यंत्र-माहूत, म्हणजे आपोआप तपासणी करणारा प्रोग्राम, बाळगिला होता. तो हत्तीवर चढे आणि दरवाजाच्या चारशे बारा कड्या एकेक करोन वाजवी, आणि उघडे तेथे हिरवा दिवा लागे, अडे तेथे तांबडा. परंतु हत्तीचे धनी सातासमुद्रापार. ते तिकडोनच चारा, म्हणजे अपडेट, धाडीत, आणि इकडे हत्ती उभ्या जागी वाढे, आणि मग माहूत म्हणे, मी सदतिसाव्या हत्तीचा चाकर, हा तर अडतिसावा, यावर पाय ठेवणे नाही. मग चारशे बाराही दिवे तांबडे होत, दरवाजा धडधाकट असोनही. मग नवा माहूत आणावा, त्यास शिकवावे, आणि तो रुळे न रुळे तो हत्ती पुन्हा वाढलेला. महिन्यात तीनदा ऐसे जाहले, आणि परीक्षेवरील मंडळी, ज्यांचे मुख्य निनादराव, काकुळतीस आली. आणि मग त्या मंगळवाराचे आदले दिवसापासोन अकस्मात सर्वत्र हिरवे जाहले, आणि शुक्रवार आला तरी हिरवेच.

तेव्हा बाईसाहेब परीक्षेवरील शलाका नामे मुलीपाशी येऊन थांबल्या आणि बोलिल्या, "काय गं, महिन्यात तीनदा रुसलेला माहूत या आठवड्यात एकदाही रुसला नाही. त्याचं लग्न ठरलं का?"

शलाका चाचरली. मग म्हणाली, "निनादरावांनी अपडेटची कळ बंद केलीय. आपल्याकडचा हत्ती बांधून ठेवलाय. वाढतच नाही आता."

"आणि लोकांचे हत्ती?"

"ते मोकळेच आहेत, बाईसाहेब."

हे ऐकताच बाईसाहेबांनी कमरेचा फोन काढिला, ज्यातील हत्ती त्याच सकाळी आपला आपण वाढला होता, आणि दरवाजा उघडिला, आणि "पाळी घ्या" या बटणावर बोट ठेविले. काही हलेना. मग अंगठा ठेविला, मग नखाने टोचिले, आणि बोलिल्या, "बटण मेलंय, का मी?"

निनादराव लगबगीने आले. म्हणाले, "आई, तुमचा फोन जुना आहे."

"फोन जुना आहे, पण हत्ती आजचा आहे, जावईबापू. तुमचं उलटं झालंय."

राव लाल जाहले. म्हणाले, "अहो, पण कळ बंद केली नसती तर आम्ही माहूतच शिकवत बसलो असतो! सोमवार डोक्यावर आलाय."

"खरं आहे तुमचं. सोमवार सांभाळलात. सोमवारी येणाऱ्या माणसांचं काय करायचं ते राहिलं तेवढं."

मग बाईसाहेबांनी, ज्यांनी जन्मात दिला शब्द परत घेतला नव्हता, सर्वांदेखत दवाखान्याचे डॉक्टरांस फोन लाविला, आणि आवाज इतुका खाली आणिला की मंडळींस त्यांचा आवाजच ओळखू येईना, आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, वही बंद करू नका. आमचा दरवाजा उघडत नाही. चूक आमची आहे." आणि पलीकडोन काय उत्तर आले ते कोणास कळले नाही, परंतु बाईसाहेब बराच वेळ नुसते "हो, हो" म्हणत राहिल्या.

सारांश इतुकाच की, बटण दोन दिवसांत दुरुस्त जाहले, वही आणखी एक आठवडा चालिली, कोणा रोग्याची पाळी बुडाली नाही, आणि शलाकेचे सल्ल्याने राज्यात एक हत्ती बांधलेला व एक मोकळा ठेविला गेला, आणि रोज कामास आरंभ मोकळ्यावरील परीक्षेने व्हावा ऐसा हुकूम सुटला. आणि निनादराव काही सांगू पाहत होते, त्यांस खुर्चीवरोन उठवोन बाईसाहेब बोलिल्या ते हे:

"जावईबापू, घरी आलात की पहिला पाट तुमचा, त्यात काही कमी पडणार नाही. पण सोमवारपासून तुमची खुर्ची इथे नाही, दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. येईल त्याच्या हातातला फोन घ्यायचा आणि त्याच्यासमोर पाळी लावून द्यायची. नाही लागली, तर मला फोन करायचा नाही. आधी त्याच्या तोंडाकडे बघून सांगायचं, चूक माझी आहे."