एका जागेसाठी तिघीजणी

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. निवड करावी तर मीच! साधं पातेलं घ्यायचं असलं तरी मी चार दुकानं फिरते, बुडाला टिचक्या मारून बघते, आणि दुकानदार रडकुंडीला आला की मग पर्स उघडते. अशी मी, अडतिसाव्या वर्षी बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे इंग्लंडातल्या बचतीच्या आणि घरकर्जाच्या बँकेच्या, काउंटरवरची नोकरी सोडून नर्स व्हायला निघाले, तर कोर्स काय डोळे मिटून निवडणार होते?

ब्याण्णव साल होतं. आम्ही इंग्लंडात लीड्सला राहत होतो. जेवणाच्या टेबलावर मी सगळ्या कॉलेजांची माहितीपत्रकं पसरली होती. आठवडाभर घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवली, पण कोणी हूं की चूं केलं नाही. तीन वर्षांचा कोर्स मी पहिल्याच दिवशी बाद केला. पुण्याची बी.एस्सी. आहे मी! सगळं पहिल्यापासून कशाला शिकू? मँचेस्टरचा दोन वर्षांचा होता, पण रोजची ट्रेन, त्यात हिवाळ्यात बर्फ पडला की अर्ध्या वाटेत मुक्काम. राहता राहिला लीड्सचा कोर्स. आधीची पदवी असलेल्यांना दोन वर्षांत नर्सिंगची पदवी, आणि घराच्या कोपऱ्यावरून थेट बस.

"तीन वर्षांचं दोन वर्षांत?" आमचे हे म्हणाले. "म्हणजे इंजेक्शनं पळत पळत द्यायला शिकवतात वाटतं!"

हे म्हणजे श्रीनिवास देवस्थळी, हाडांचे सर्जन. आणि तिथेच खरी अडचण होती. तो कोर्स ह्यांच्याच हॉस्पिटलचा होता, आणि त्यात एकच जागा उरली होती.

"मी एक शब्द टाकतो," हे म्हणाले.

"अजिबात नाही! मी माझ्या हिमतीवर जाणार. उद्या वॉर्डात कोणी म्हणायला नको, देवस्थळींची बायको म्हणून घेतली."

"बरं बाई, नाही टाकत."

नुसतं बोलून थांबणाऱ्यातली मी नव्हे. मी एक युक्ती केली. माहेरची मी वैजयंती रानडे. लग्नात ह्यांनी तांदळात नाव लिहिलं, आणि वैजयंती रानडेची सुनीती देवस्थळी झाले. पण पुण्याच्या डिग्रीवर अजून वैजयंती रानडेच होती. मग अर्जही तिच्याच नावाने भरला! देवस्थळीतलं एक अक्षरसुद्धा कुठे लागू दिलं नाही. स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी साखरभात केला. ह्यांना मात्र अर्जावरच्या नावाचं काही बोलले नाही.

आता जे मला नंतर कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगते. आमच्या ह्यांच्या पोटात 'शब्द टाकणं' राहीना. ह्यांनी नर्सिंग स्कूलला फोन केलाच! "माझी पत्नी, मिसेस देवस्थळी, अर्ज करते आहे, जरा बघा." तिथल्या सेक्रेटरी मिसेस एकरॉइड यांनी सगळे अर्ज चाळले. देवस्थळी नाहीच! पण सर्जनसाहेबांना नाही कसं म्हणायचं? 'कागद मागाहून येतील' असं लिहून त्यांनी मिसेस देवस्थळींनाही मुलाखतीची वेळ देऊन टाकली.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण ह्यांनी यशोधनला सांगितलं, "तूही एक शब्द टाक रे." यशोधन आमचा मित्र, ह्यांच्याच ऑपरेशन थिएटरमधला भूलतज्ज्ञ. तो मला आयुष्यभर नुसतं 'वहिनी' म्हणत आलेला. माझं नाव त्याला ऐनवेळी आठवेना. त्याने फोनवर सांगितलं, "आमच्या श्रीनिवासच्या मिसेस आहेत, फार हुशार!" मिसेस एकरॉइडनी तिसरं नाव लिहिलं, मिसेस श्रीनिवास.

अशा रीतीने एका जागेसाठी तीन मराठी बायका उभ्या राहिल्या. तिघीही मीच.

मुलाखतीच्या दिवशी मी राखाडी स्कर्ट आणि जांभळा स्वेटर घालून गेले. समोर तिघं बसले होते. मधे कोर्सच्या प्रमुख मिस हार्डकासल, ताठ आणि पांढऱ्या केसांच्या. एका बाजूला एक दाढीवाले प्राध्यापक. दुसऱ्या बाजूला एक तरुण मुलगी. सर्व वंशांच्या लोकांशी समानतेनं कसं वागावं याचं ट्रेनिंग ती त्याच आठवड्यात घेऊन आली होती, हेही मला मागाहूनच कळलं.

"मिस रानडे, तुम्हाला नर्स का व्हायचंय?"

उत्तर तोंडपाठ होतं. मानवसेवा, करुणा, विज्ञान आणि आपुलकीचा संगम! आरशासमोर इतक्यांदा म्हटलं होतं की आमचा मुलगाही आंघोळ करताना ते म्हणायला लागला होता. तिघांनी माना डोलावल्या. मी तरंगत बाहेर आले, तर कॉरिडॉरमध्ये कोण? हातात सँडविच घेऊन आमचे हे!

"काय सुनीती, कशी झाली?"

"अहो, हळू! तुम्ही इथे कशाला आलात?"

तेवढ्यात मिसेस एकरॉइडनी दारातून डोकं बाहेर काढलं. "गुड मॉर्निंग, मिस्टर देवस्थळी! आणि या मिसेस देवस्थळी ना? वेळेवर आलात, लव्ह. चला आत." लीड्सला सगळेच सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात.

झालं! नाव फुटलं! आता सर्जनची बायको म्हणून माझी फेरतपासणी होणार. दुसरी फेरी! मनात म्हटलं, कोर्सच घाईचा, दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी उरकत असतील.

मी पुन्हा त्याच खुर्चीत बसले. तिघं माझ्याकडे बघत राहिले. दाढीवाल्यांनी चष्मा पुसला. मिस हार्डकासलनी पाण्याचा घोट घेतला. ती मुलगी छताकडे बघायला लागली.

"अं... मिसेस देवस्थळी," मिस हार्डकासल म्हणाल्या, "तुम्हाला नर्स का व्हायचंय?"

आत्ताच सांगितलं की! पण मग माझ्या डोक्यात उजेड पडला. परीक्षा आहे ही! पेशंट एकच प्रश्न दहादा विचारतो, नर्सने वैतागायचं नसतं. मी गोड हसले. आणि नाव फुटलंच आहे तर तो विषय एकदाचा मिटवावा म्हणून मी ह्यांच्याबद्दल बोलत सुटले. माझे पती सर्जन असले तरी मला त्यांची मदत नको, माझ्या पतींचं मत असं, माझ्या पतींचं मत तसं, पण मी माझ्या पतींच्या मतावर चालत नाही. तिघांच्या माना यावेळी जरा कमी डोलल्या.

बाहेर आले तर हे गायब. वॉर्डातून बोलावणं आलं होतं. मी कोट उचलला, तेवढ्यात मिसेस एकरॉइड यादीवरची नजर न काढता म्हणाल्या, "मिसेस श्रीनिवास?"

आजूबाजूला बघितलं. माझ्याशिवाय कोणी नव्हतं. इंग्रजांनी ह्यांच्या पहिल्या नावाला आडनाव करायची ही काही पहिली वेळ नव्हती. गॅसवाल्यांनी तर आमच्या मुलाच्या नावाने बिल पाठवलं होतं.

"मीच," मी म्हणाले.

तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा दाढीवाल्यांच्या हातून पेन खाली पडलं. त्या मुलीचे कान लाल झाले होते. मिस हार्डकासलचा आवाज अगदी खोल गेला होता.

"मिसेस... श्रीनिवास. तुम्हाला नर्स का व्हायचंय?"

एव्हाना बूट चावत होते, भूक लागली होती आणि करुणा-विज्ञानाचा संगम आटला होता. मी म्हणाले, "खरं सांगू?"

"कृपा करून," मिस हार्डकासल म्हणाल्या.

मग मी मिस्टर थ्वेट यांची गोष्ट सांगितली. आमच्या काउंटरवर हे म्हातारबुवा दर गुरुवारी यायचे. बायको गेलेली. थोडेसे पैसे भरायचे आणि भरपूर बोलायचे. एक दिवस रांगेतच कोसळले. सगळे ॲम्ब्युलन्स, ॲम्ब्युलन्स म्हणून ओरडत होते. मला काही म्हणजे काही येत नव्हतं. मी नुसती त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि हात धरला. ते म्हणाले, "पाय गार पडलेत." मी स्वेटर काढून त्यांच्या पायांना गुंडाळला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते बोलत होते आणि मी ऐकत होते.

"वाचले ते," मी म्हणाले. "पुन्हा आले तेव्हा म्हणाले, सगळ्या गावासमोर मला बायकी जांभळ्या रंगात गुंडाळलंस! पण इतक्या वर्षांच्या नोकरीत तो एकच दिवस असा होता, की घरी जाताना वाटलं, आज आपण काम केलं. पुढच्या वेळी नुसता हात धरून बसायचं नाहीये मला. काय करायचं ते यायला हवंय."

एवढं बोलून मी पटकन 'थँक यू' म्हटलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मिसेस एकरॉइड होत्या.

"मिस रानडे? आय ॲम सॉरी, लव्ह. या वेळी जमलं नाही."

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. इतकं वाईट वाटून घेईन असं मलाही वाटलं नव्हतं. सोमवारपासून पुन्हा ते काउंटर, ती काच, ते शिक्के. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

फोन पुन्हा वाजला. ह्यांनी घेतला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझ्या पत्नीला? नाही? माझ्या पत्नीला नाही म्हणता?"

"अहो, एकदा नाही म्हटलेलं कळलंय मला! पुन्हा पुन्हा कशाला सांगतायत?"

तोच तिसऱ्यांदा फोन! मी नाक पुसून झडप घातली. "हे बघा, मिसेस एकरॉइड, मला समजलंय!"

"मिसेस श्रीनिवास आहेत का? काँग्रॅच्युलेशन्स! जागा तुम्हाला मिळाली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरात बाकीच्या दोघींसमोर जरा सांभाळून घ्या हं, लव्ह. तुमच्यात कुटुंबं मोठी असतात, ठाऊक आहे मला. तिघींचा फोन नंबर एकच, एकाच छताखाली तिघीजणी, कठीणच!"

मी रिसीव्हर ठेवला आणि वळून ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. फोनचं सगळं प्रकरण त्यांनी न विचारता सांगून टाकलं.

"आता गप्प बस," हे म्हणाले. "मिळाली ना जागा?"

"कोणाला मिळाली? मिसेस श्रीनिवासकडे डिग्री कुठाय? पासपोर्ट कुठाय? ती बाई जन्मालाच आलेली नाही!"

सोमवारी काउंटरवर रजा टाकून मी मिस हार्डकासलसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. माहेरचं नाव, तांदूळ, नवरा, यशोधन. आता जागा जाणार, शिवाय फसवाफसवी केली म्हणून नावावर काट. तीन नावांवर.

मिस हार्डकासलनी डोळे मिटून मोठा सुस्कारा सोडला. "देवाची कृपा! मी डोळे तपासायला अपॉइंटमेंट घेतली होती." आणि त्या हसायलाच लागल्या. "तोच स्वेटर, तोच स्कर्ट, आणि आम्ही तिघं तिथे बसून! आधी कोण म्हणणार की ही बाई मघाच्याच बाईसारखी दिसते? ती मुलगी तर बिचारी रात्रभर झोपली नाही. आपल्याला सगळ्या भारतीय बायका सारख्या दिसतात, या धास्तीने!"

"मग माझी जागा?"

"पहिली फार पाठ करून आली होती," त्या म्हणाल्या. "दुसरी नवऱ्याशिवाय कशाबद्दल बोलायला तयार नव्हती. आम्ही तिसरीला निवडलंय. सप्टेंबरमध्ये तिला पाठवा. बाकीच्या दोघींना मात्र घरी ठेवा."

तर अशी मला जागा मिळाली, दोन बायकांना मागे टाकून! आणि हे आमच्या ह्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत माइकवरून जाहीर केलं. "मुलाखतीला तिघी मराठी बायका होत्या, पण निवड झाली आमच्या हिची!" आपल्या शब्दाला काय किंमत आली, ते मात्र शिताफीने गाळलं.

टाळ्या झाल्या. मंडळाच्या सुप्रभाताई तेवढ्या टाळ्या न वाजवता माझ्याजवळ आल्या. जीव भारी मऊ त्यांचा.

"तुझं झालं, छान झालं गं. पण त्या दोघी? आपल्यातल्याच ना? किती हिरमुसल्या असतील बिचाऱ्या! ओळखतेस का तू त्यांना?"

"हो... तशी ओळख आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पुढच्याच रविवारी सुप्रभाताई बेसनाच्या लाडवांचे दोन डबे घेऊन दारात हजर! "एकेकीला एकेक दे. म्हणावं, खचून जाऊ नका, पुढच्या वर्षी पुन्हा बसा."

दिले हो! वाटेत एकही लाडू सांडला नाही. दोघींनी अगदी आवडीने खाल्ले. एकीचं म्हणणं पडलं की तूप जरा कमी आहे, पण ते मी सुप्रभाताईंना कळवलं नाही.