अंगठा बोल्ला!

गुलाबकाका कोणाच्याही तोंडाकडे पाहून बोलत नसत. ते पायांकडे पाहत. आळीत नवा भाडेकरू आला की त्याला वाटे, म्हातारा फारच लाजाळू आहे. आठवड्याभरात त्याचा गैरसमज दूर होई.

काकांची सारी नोकरी जकात नाक्यावर गेली. कन्हान गावाकडून येणारा जो तो ‘काही नाही जी, कपडेच हायेत’ म्हणे आणि वळकटीतून तुपाचा डबा निघे. त्या अनुभवातून काकांनी सिद्धान्त काढला होता: खोटं बोलताना माणसाच्या पायाचा अंगठा वर उठतो. “तोंड शिकलेलं राह्यते, डोये बी शिकते. अंगठ्याले कोण शिकवते गा?” अंगठा हलला की ते मांडीवर थाप मारत, “अंगठा बोल्ला!”

या सिद्धान्तापायी आम्हा शेजाऱ्यांचं जगणं मुश्किल झालं होतं. दूधवाला पायात जोडे असल्याशिवाय दुधाची शपथ घेत नसे. मी ऑफिसला दांडी मारून मॅटिनी पाहिली, की मागच्या दाराने घरात शिरत असे. काकूंनी मात्र ही विद्या काकांकडूनच उचलली होती. ‘बाहेरच जेवलो’ असं काका म्हणाले की त्या एकदा खाली बघत आणि मुकाट्याने ताट वाढत.

आळीतल्या पोरींसाठी मुलगा पाहायला काकांना नेणं हा तर रिवाजच होता. आमच्या ताईच्या वेळी मुलगा सतरंजीवर अनवाणी बसून म्हणाला, “मला कसलंच व्यसन नाही.” काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. “अंगठा बोल्ला! जा बाप्पा, तो तंबाखूचा खर्रा थुकून ये, मंग बोलू.” वडिलांना घाम फुटला. परतताना काकाच म्हणाले, “देऊन टाका पोरगी. एवढ्याशा लबाडीले ज्याचा अंगठा भेते, तो मोठी लबाडी काय करन?” ताईचं उत्तम चाललं आहे. खर्राही चालू आहे.

मग एका होळीनंतर काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी काकांना आणि मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. डॉक्टरांच्या पायात सपाता होत्या. काका कितीतरी वेळ त्या पायांकडे पाहत राहिले. अंगठा हलला नाही.

पुढे ऐन मे महिन्यात मी काकूंना भेटायला गेलो, तर काका खाटेशेजारी लोकरीचे मोजे घालून बसलेले! बाहेर डांबर वितळत होतं.

“काका, मोजे?”

“पायाले थंडी वाजून राहिली,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

काकूंनी क्षीण आवाजात विचारलं, “मी बरी होईन ना जी?”

“होशील वं! दिवाळीले तुले माहेरी, कुहीले नेतो.”

डाव्या मोज्याला भोक होतं. त्यातून काकांचा अंगठा ताठ वर आला होता. काकूंनी तो पाहिला आणि डोळे मिटले. “बरं जी. नवं लुगडं घीन मंग.”

काका कूलरमध्ये पाणी टाकायला अंगणात गेले, तशी काकूंनी मला जवळ बोलावलं.

“धरमपेठेच्या बाजारात गेला तं ह्यायले नवे मोजे आणजो गा. बिनभोकाचे. मी सांगतलं म्हून सांगू नोको.”

“काकांनी विचारलं तर?”

“तुह्याच मनानं आणले म्हणजो,” काकू किंचित हसल्या. “पण जोडे घालून, अंगणातूनच सांगजो.”