'येते' म्हणजे जाते!

म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करणाऱ्या आम्हा बायकांत मीच अव्वल! ज्यांची भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, त्यांच्याशी कसं वागायचं याचं ऑफिसात प्रशिक्षण झालं, तर दर प्रश्नाला माझाच हात वर. आमच्या साहेबीणबाई म्हणाल्या, एक आजोबा टिकवून दाखवा, मग शिकवायला तुम्हालाच उभं करते. मी मनातल्या मनात फळ्यासमोर उभीसुद्धा राहिले.

आजोबा परभाषेतले. मराठी शिकले तेही पिकल्या वयात, पुस्तकातून. माझ्याआधीच्या बायकांना त्यांनी खोटारड्या म्हणून घालवलं होतं.

मी त्यांना आंघोळ घातली, औषधं दिली, भरपूर गप्पा मारल्या. निघताना "येते हं" म्हटलं आणि सुटले. घरात पाऊल टाकतेय तोच बाईंचा फोन. आजोबा दार उघडं टाकून, दोन कप चहा करून माझी वाट बघत बसले होते. येते म्हणाली आणि आलीच नाही, हीसुद्धा खोटारडी, अशी तक्रार!

हसावं की रडावं? तशीच उलट पावली गेले आणि समजावलं, की आम्ही निघताना 'जाते' म्हणत नाही, ते बरं दिसत नाही.

"म्हणजे 'येतो' म्हणजे 'जातो'?"

"अगदी बरोबर!" काय शिकवते मी, वा!

दुसऱ्या दिवशी ताट वाढून हाक मारली. आतून "येतो" असा आवाज आला. मी आपली बसले. जेवण गार झालं तरी पत्ता नाही. आत बघते तर खोली रिकामी आणि मागचं दार सताड उघडं! त्यांच्या मुलाला फोन, बाईंना फोन, दोघंही धावत आले, सगळी गल्ली पालथी घातली. आजोबा सापडले न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडभर फेस, मजेत.

"अहो, न सांगता निघालात?"

"सांगितलं की. 'येतो' म्हणालो. तुम्हीच शिकवलंत."

मुलगा पोट धरून हसत सुटला. आजोबांनी बाईंना ठणकावलं, की मला हीच हवी, ही खरं बोलते. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढचं प्रशिक्षण तुम्ही घ्या."

जिंकले! त्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून, नवा खडू घेऊन मी ऐटीत फळ्यापाशी गेले. बाईंनी माझ्या हातातला खडू हळूच काढून घेतला आणि पहिल्या बाकाकडे बोट दाखवलं.

आता तुम्हीच सांगा, प्रशिक्षण 'घ्या' म्हटल्यावर माणसानं काय समजायचं?