चाराचा पत्रा

केक कशावर ठेवायचा, एवढाच प्रश्न होता. म्युरिएल गॅडच्या आयुष्यातली मोठी संकटं अशाच एवढ्याएवढ्याशा प्रश्नांमधून आली. (लग्नसुद्धा. सिरिलने सहज विचारलं होतं, "शनिवारी मोकळी आहेस का?" त्यानंतर ती एकाही शनिवारी मोकळी राहिली नाही. शनिवारी क्रिकेट असायचं.)

अठ्ठावन्न सालचा जुलै. अपर मेलकूमच्या मैदानाकडेचं लाकडी खोपटं, ज्याला गाव मोठ्या तोंडाने पॅव्हिलियन म्हणे. किटली अचानक शिट्टी मारू लागली, म्युरिएल दचकली आणि सासूबाईंचं, म्हणजे एडिथबाईंचं, मोठं निळं ताट फरशीवर पडून त्याचे सात तुकडे झाले. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. तिने तुकडे कोळशाच्या बादलीत लपवले. पण एडिथबाईंचा पाच पौंडी मनुक्यांचा केक आता ठेवायचा कशावर?

कोपऱ्यात धावफलकाच्या पत्र्यांची पेटी होती. बाहेर काळ्या फळीवर खिळे ठोकलेले होते, त्यांवर आकड्यांचे पत्रे टांगायचे. ते काम नव्या सुनेकडे आलं होतं. प्रत्येक आकड्याचे तीन पत्रे. तीनदा चार कधी लागणार, असा विचार करून म्युरिएलने एक चार उचलला, पुसला, वर जाळीचा कागद पसरला आणि केक त्यावर बसवला. छान दिसला. तिचा जीव भांड्यात पडला. (फार वेळ राहिला नाही.)

स्टोक पोर्टनच्या पाहुण्यांनी एकशे बावन्न केल्या होत्या. मेलकूमकडून सिरिल खेळत होता, आणि गंमत म्हणजे आउटच होत नव्हता.

आता पॅव्हिलियनमधल्या त्या पाटीबद्दल सांगायलाच हवं. गावाकडून ज्याने पन्नास केले त्याचं नाव तिच्यावर सोनेरी अक्षरांत. सिरिलच्या वडिलांचं होतं, दोन्ही थोरल्या भावांचं होतं. सिरिलची मजल आजवर तेवीसपर्यंत. एडिथबाई दर शनिवारी पाटी पुसायच्या आणि शेवटच्या नावाखालच्या मोकळ्या ओळीवर फडकं जरा जास्तच वेळ फिरवायच्या. तोंडाने कधी काही बोलल्या नाहीत. म्युरिएलला ते बोलण्यापेक्षा जड जाई.

चहाला पाच मिनिटं असताना सिरिलने एक धाव काढली. संघाच्या एकशे चौदा. चार बाद. सिरिल चाळीस.

म्युरिएलने एकशे चौदाला एक चार टांगला. बादच्या खिळ्यावर दुसरा चार होताच. मग सिरिलच्या चाळीससाठी पेटीत हात घातला आणि पेटी तळापर्यंत चाळली.

तिसरा चार केकखाली होता.

पुढच्या धावेला एकशे पंधरा झाले की वरचा चार मोकळा होईल. एका चेंडूचा तर प्रश्न! तोवर खिळा रिकामा कसा ठेवायचा? तिने हाताला लागला तो पत्रा टांगला.

पाच लागला होता.

"पन्नास!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या सुरू झाल्या. स्टोक पोर्टनवाल्यांनीही वाजवल्या, सभ्य माणसं ती. सिरिलला स्वतःच्या धावा मोजायची सवय नव्हती (गरजच पडली नव्हती). त्याने फळीकडे पाहिलं, टोपी काढली, बॅट उंचावली. एडिथबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि रडल्या. म्युरिएलने त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

तेवढ्यावर भागतं तर ठीक होतं. पण मेलकूमचा शिरस्ता असा, की पन्नास झाले की दुसऱ्याला संधी द्यायची. सिरिल बॅट काखेत मारून शांतपणे बाहेर चालत आला.

"अरे, नको! परत जा!" म्युरिएल किंचाळली.

"अगं, पुरे झाल्या," सिरिल विनयाने म्हणाला. "हावरटपणा बरा नव्हे."

लगेच चहा झाला. म्युरिएल या पायावरून त्या पायावर होत होती. सांगावं? आत्ता? की सँडविच संपल्यावर? धावांची वही लिहिणारे टटलकाका दारात येऊन घसा खाकरत होते आणि कोणी विचारत नाही म्हणून पुन्हा खाकरत होते. एडिथबाईंनी केकमध्ये सुरी घातली. पहिला तुकडा उचलला. दुसरा उचलला. जाळीच्या कागदातून पांढऱ्या रंगात भला मोठा चार त्यांच्याकडे बघत होता.

"आई, ते ताट..." म्युरिएलने सुरुवात केली.

"माझ्या वहीत सिरिलच्या चाळीसच आहेत," टटलकाका एकदाचे बोलले. "मघापासून सांगतोय."

सिरिलच्या गालात केक तसाच राहिला. सगळ्यांत वाईट म्हणजे तो रागावला नाही. पाटीकडे एकदा बघून खाली बसला, एवढंच.

एडिथबाई स्टोक पोर्टनच्या कप्तानाकडे वळल्या. बार्नबी प्राउट नावाचा जाडजूड खाटीक.

"बार्नबी, माझा पोरगा परत खेळणार."

"वहिनी, नियमात बसत नाही हो."

"अजून केक घे."

त्याने घेतला. तो खाल्ल्यावर म्हणाला, "शेवटचा गडी म्हणून येऊ दे. आधी नाही."

आणि मग म्युरिएलच्या आयुष्यातला सर्वांत अस्वस्थ तास सुरू झाला. स्वतःच्याच गावाचे गडी लवकर बाद व्हावेत म्हणून ती देवाची करुणा भाकू लागली. सगळ्या धावा त्यांनीच काढल्या तर सिरिलला उरणार काय? गावच्या पोस्टमनने चौकार मारला तेव्हा तिच्या तोंडून "मेल्या!" निघून गेलं. शेजारी बसलेली पोस्टमनची बायको आजतागायत तिच्याशी बोलत नाही.

नववा गडी बाद झाला तेव्हा जिंकायला सात हव्या होत्या. सिरिलच्या पन्नासला दहा.

"जमतं!" टटलकाकांनी पेन्सिल चाटली. "आधी एकेक करून सुट्या चार धावा काढ. मग जिंकायला तीन उरतात. त्यावर एक षटकार."

"समजलं ना?" एडिथबाईंनी विचारलं. "आधी चार. मोजून."

सिरिलने मान डोलावली. गेला. एक काढली. समोरच्याने तीन चेंडू छातीवर झेलल्यासारखे अडवले. दुसरी काढली. तिसरी काढली. फळीवर त्रेचाळीस, त्यातल्या चाराला मनुके चिकटलेले. म्युरिएलने डोळे मिटले. अजून एकच सुटी, बाबा. एकच.

मग बार्नबीने स्वतः चेंडू टाकला. केकच्या भाराने म्हणा की मनाच्या मोठेपणाने म्हणा, तो अलगद, गुळाच्या ढेपेसारखा, मध्यावर येऊन पडला. माणसाच्या हाती असा चेंडू आयुष्यात एकदा येतो. सिरिलने तो चर्चच्या कुंपणापलीकडे भिरकावला.

सामना जिंकला. सिरिल गॅड, नाबाद एकोणपन्नास.

"मी काय सांगितलं होतं?" एडिथबाई म्हणाल्या.

"अगं आई, पण तो चेंडू कसा होता!" सिरिल म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की त्याही गप्प बसल्या. नंतर त्यांनी कोळशाच्या बादलीतून निळे तुकडे एकेक काढून मेजावर मांडले.

सिरिलचं नाव पाटीवर कधीच लागलं नाही. पुढे वीस वर्षं खेळला, पुन्हा तिशीही ओलांडली नाही. मोकळी ओळ मात्र पुढच्याच शनिवारी भरली. रंग सासूबाईंनी दिला होता, अक्षर टटलकाकांचं. म्युरिएल आता नातवंडांना पॅव्हिलियनमध्ये नेते तेव्हा त्या ओळीसमोर मुद्दाम पाठ करून उभी राहते. पोरं तिच्या काखेखालून वाकून मोठ्याने वाचतातच:

"सौ. म्युरिएल गॅड. नाबाद दहा. एका खिळ्यावर."